घरचा भारा

फेब्रुवारी लागला की आर्वीच्या रस्त्यानं कॉलेजात जाताना मी स्कूटीचा वेग आपोआप कमी करते. दहा मिनिटं उशीर होतो. प्राचार्य माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतात. बघू देत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वावरांत पऱ्हाटी उपटणं चालू असतं. कपाशीची शेवटची वेचणी झाली, झाड वाळून नुसत्या काड्या उरल्या, की लोखंडी चिमट्यात बुंधा धरून ती मुळासकट ओढून काढायची. मुळांना काळी माती चिकटलेली असते आणि तिचा एक कोरडा, तुरट वास येतो. लोक अत्तरं लावतात, मोगरे हुंगतात. मला विचाराल तर मला हा वास पुरतो, कारण ह्या वासात माझा भाऊ आहे.

अशोक. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. ज्यांनी त्याला गाडीवर पाहिलं नाही त्यांना काय आणि कसं सांगू! शेतातल्या कच्च्या ट्रॅकवर मोटरसायकलच्या शर्यती व्हायच्या, त्यात तो लागोपाठ चार वर्षं पहिला आला होता. पण पहिले तर दुसरेही येतात. त्याचं वेगळंच होतं. शर्यतीआधी सगळे जण गाडी गरम करायला एक चक्कर मारायचे. बाकीचे भुर्रकन मारायचे. हा बैलगाडीच्या चालीनं निघायचा, दर वीस पावलांवर थांबायचा, आणि कडेला पडलेल्या पऱ्हाटीच्या भाऱ्याकडं बोट करून विचारायचा, "हा कोणाचा?" मागं उभी असलेली म्हातारी पदर सावरत सांगायची, "माह्या घरचा हाय, बापा." हा मान झुकवायचा आणि पुढच्या भाऱ्याला जायचा. पंच शिट्ट्या फुंकून लाल व्हायचे. पब्लिक मात्र तिथंच त्याच्या खिशात गेलेली असायची.

भाऱ्यांचं सांगायला हवं. मोठ्या शहरांत वळणावर टायरं रचतात म्हणे. आमच्या गावात टायरं कुठून आणणार, बैलगाडीची? म्हणून ठरलं होतं की घरटी एक भारा द्यायचा. चुलीसाठी रचलेल्या ढिगातून आणायचा, वळणाच्या बाहेरच्या कडेला टाकायचा, म्हणजे गाडी घसरली तर माणूस पऱ्हाटीत जाईल, बांधाच्या दगडावर नाही. शर्यत संपली की ज्याचा भारा त्यानं घरी न्यायचा आणि चुलीत घालायचा. ज्या घरचा भारा, त्या घरची माणसं त्याच्या मागं उभी राहायची. तिकीट नाही, खुर्ची नाही, भारा हीच जागा. विहाराच्या ओट्यावरून आदल्या दिवशी पुकारा व्हायचा, "ज्याईनं भारे आणले नसन त्याईनं दिवस बुडाच्या आत आणा!"

हे सगळं आत्ता आठवायचं कारण पल्लवी. पल्लवी म्हणजे दादाची लेक, वय बावीस, बापाचेच डोळे आणि बापाचाच आगाऊपणा. दादाला जाऊन तीन वर्षं झाली. गाडीवर नाही गेला. घरी, सकाळी, चहाची बशी हातात असताना गेला. त्याच्यामागं शर्यतही बंद पडली होती. यंदा गावच्या पोरांनी पुन्हा भरवायची ठरवली आणि पल्लवीनं नाव घातलं. मला फोन केला.

"आत्या, मम्मी बोलून नाई राह्यली माह्याशी. म्हणते, जाय, पण माह्या घरून काडी भेटणार नाई. तू आणशीन आपल्या घरचा भारा?"

मी भौतिकशास्त्र शिकवते. घसरणारं चाक, वळण, वेग, ह्यांची गणितं फळ्यावर रोज मांडते. माणसाचं हाड किती सहज मोडतं हे मला पुस्तकातूनही माहीत आहे आणि घरातूनही. मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. आठ दिवस मी नुसती बघतच राहिले. हो म्हणायची छाती होत नव्हती, आणि नाही म्हणायला तोंड नव्हतं. तोंड का नव्हतं, ते त्या एका मोसमामुळं.

तेव्हा मी सतरा-अठराची, बारावीला भौतिकशास्त्रात आपटलेली. आपटलेली म्हणजे सपशेल. मार्कशीट मी गव्हाच्या कोठीमागं लपवली होती आणि मायनं ती शोधून भिंतीतल्या देवळीत उभी करून ठेवली होती, आल्यागेल्याला दिसेल अशी. आमचे बाबा मी लहान असतानाच गेले. माय दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला जायची आणि अंगणात आमच्यावर राज्य करायची. त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास परगावच्या शर्यतीत दादा पडला आणि उजवं मनगट गेलं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी प्लास्टर काढताना सांगितलं की मनगट आता अर्धंच फिरेल. मोटरसायकलचा वेग उजव्या मुठीत असतो. मूठ पिळली की गाडी पळते. अर्ध्या मनगटानं ती अर्धीच पळणार.

माय म्हणाली, "बरं झालं. सुटली ब्याद."

दादा काहीच बोलला नाही, आणि तो बोलत नाही म्हणजे काहीतरी शिजतंय हे मला कळायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर हा बोरिंगवर. हातपंपाला आमच्याकडं बोरिंगच म्हणतात. समोर घरातले सगळे कपडे, मायची लुगडी, चादरी, आणि दोन्ही हातांनी पिळतोय. पिळताना ओठ दाबून धरलेले, कपाळावर घाम, आणि ती थंडी! पाणी हंड्याच्या बाहेरूनही गार लागत होतं. एक लुगडं पिळायला त्याला इतका वेळ लागला की मागं बायकांची रांग उभी राहिली. चार वर्षांचा चँपियन लुगडी पिळतोय म्हटल्यावर बायका सोडतात होय?

"काऊन रे अशोक, लगन करून घे नं! बायको धुऊन देईन सारं!"

"बायकोले धुवाले लावाचं नाई मले, काकू," हा म्हणाला, "म्हणून आताच शिकून राह्यलो."

हसून हसून बायकांनी त्याला आपल्या घरचंही धुणं आणून दिलं. त्यानं तेही पिळलं. संक्रांत होईस्तोवर अर्ध्या मोहल्ल्याच्या चादरी त्याच्या हाताखालून गेल्या. पुरुष मंडळी पानठेल्यावरून खाकरायची, "धोबी झाला बे तुमचा हिरो." हा लांबूनच हात वर करायचा. त्याला राग कसा यायचा नाही, मला आजवर समजलेलं नाही. मी असते तर बादली फेकली असती.

गोधडी मात्र एकट्यानं पिळता येत नाही. ओली गोधडी म्हणजे मेलेलं रेडकू. तिला दोन माणसं लागतात. एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं, आणि उलट्या दिशांना पीळ द्यायचा. दादानं मला बोलावलं. मी ओसरीवर पुस्तक उघडून न वाचता बसले होते. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की पुन्हा परीक्षेला बसायचं नाही, शिवणकाम शिकायचं, संपला विषय. मायला ते अजून सांगितलं नव्हतं, इतकंच.

"पुस्तक घेऊन ये," तो म्हणाला.

"कायले?"

"तू एक धडा वाचजो, मी एक गोधडी पिळतो. तू वाचला नाई तं मी पिळणार नाई. मंग माहा हात असाच राहीन, अन् तुह्यामुळं राहीन. पाह्य बाप्पा तुले कसं जमते तं."

इतका हलकट माणूस मी जन्मात पाहिला नाही. पुस्तक बोरिंगच्या कठड्यावर, त्यावर दगड, वाऱ्यानं पान उडू नये म्हणून. मी पीळ देत देत मोठ्यानं वाचायची. तो दुसऱ्या टोकाला, डोळे मिटून ऐकायचा आणि मधेच विचारायचा, "म्हंजे काय?" मला सांगता यायचं नाही. तो पीळ तसाच धरून उभा राहायचा, मनगट थरथर कापतंय, पाणी कोपरावरून गळतंय, आणि मी सांगेपर्यंत सोडायचा नाही. त्याचा हात बघून मला रडू यायचं आणि मग मी घाईघाईनं डोकं चालवायची. पिळण्याचं बल, त्याची दिशा, अंतर वाढलं की जोर कमी का लागतो, हे सारं मला त्या गोधड्यांवर समजलं. आजही वर्गात तो धडा आला की मी दोन पोरींना उभं करते आणि त्यांच्या हातात ओढणी देते. पोरी फिदीफिदी हसतात. पण विसरत नाहीत.

त्याचं मनगट पूर्ण कधीच फिरलं नाही, हे आधीच सांगून टाकते. अर्ध्याचं पाऊण झालं. फेब्रुवारीत पऱ्हाटी निघाली, ट्रॅकसाठी वावर वखरून सपाट झालं, भेगा बुजवल्या, आणि दादानं पाऊण मनगटावर नाव घातलं. मायनं त्या दिवशी भाकरी थापता थापता सांगितलं, "जा. पोटचा हायेस, बांधून ठेवता येत नाई. पण माह्या ढिगातली एक काडी जाणार नाई. तू पडाचा अन् म्या भारे टाकाचे? नाई जमत."

चार वर्षं आमच्या घरचा भारा विहिरीजवळच्या वळणावर असायचा. ट्रॅकवरचं ते सगळ्यात वाईट वळण, म्हणून चँपियनच्या घरचा भारा तिथं. आदल्या दिवशी दुपारी मी बघून आले, सगळ्यांचे भारे ओळीनं पडलेले आणि आमच्या जागी खिंडार. मागं बांधाचा दगड उघडा. लोक बघून न बघितल्यासारखं करत होते. मला जी लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती, ती अजून पोटात तशीच आहे. आमची जागा दुसरं कोणी भरणार नव्हतं. तसं करणं म्हणजे आमच्या घराचा अपमान. अशा वेळी माणसं मेली तरी दुसऱ्या घरचा मान मोडत नाहीत, ही आमच्या गावची खोड.

माय वेचणीचा हिशोब करायला पाटलाकडं गेली आणि मी डाव साधला. ढिगातला भारा ओढला, सुतळी आवळली, डोक्यावर घेतला आणि आडवाटेनं गेले. काटक्या मानेला टोचत होत्या. ट्रॅकवर चिटपाखरू नव्हतं, पोरं चहाला गेलेली, दादाची पायी चक्कर मघाच झालेली. तो दरवर्षी आदल्या दिवशी अनवाणी चालून माती पायानं तपासायचा. मी खिंडारात भारा टाकला, नीट सरकवला आणि पळत घरी आले. मोठी शूर लढाई जिंकल्यासारखी रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

शर्यतीच्या दिवशी मी आमच्या भाऱ्यामागं एकटी उभी. माय आली नाही. गरम करायच्या चकरीत दादा भाऱ्याभाऱ्याला थांबत आला आणि आमच्यापाशी आला तेव्हा त्यानं आधी माझ्याकडं बघितलं. मग विचारलंच, "हा कोणाचा?"

"आपल्या घरचा," मी म्हणाले.

त्यानं मान झुकवली. इतरांच्या भाऱ्यांना झुकवायचा त्याहून जरा खाली झुकवली, असं मला वाटलं.

शर्यत मी सांगू शकत नाही, कारण दर फेरीला गाड्या विहिरीच्या वळणाला आल्या की मी डोळे मिटून घ्यायची. आवाजावरून कळायचं. पाचव्या फेरीला त्याच्या गाडीचा आवाज खाली यायला हवा होता तो आला नाही. मनगट पिळलं गेलं होतं, पण उलटं फिरायला उशीर झाला. मग फरफट, मग काटक्यांचा कडकडाट माझ्या पायाशी, आणि सगळ्या लोकांचा एकदम "अवो माय!"

डोळे उघडले तर दादा आमच्या भाऱ्यात छातीपर्यंत रुतलेला. गालावर ओरखडे, केसांत वाळकी बोंडं. बस, इतकंच. तो उठून बसला. त्याच्या हातात एक हिरवी चिंधी अडकलेली होती, भारा बांधला होता ती. त्यानं चिंधीकडं बघितलं. मीही बघितलं. मी सुतळी बांधली होती. ही चिंधी मायच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ होता. ते लुगडं आम्ही दोघांनी त्या हिवाळ्यात इतक्या वेळा पिळलं होतं की ओळख पटायला वेळ लागला नाही.

त्यानं ती खिशात कोंबली, गाडी उचलली आणि गेला. गावात कोणालाही विचारा, अजूनही शपथेवर सांगतील की त्या वर्षी पडून उठून अशोकच पहिला आला. मी तिथं होते. नऊ जणांत तो सातवा आला. पण हार त्याच्याच गळ्यात पडला आणि पहिला आलेला बिचारा पोरगा स्वतःच टाळ्या वाजवत होता.

संध्याकाळी मी उरलासुरला भारा घरी आणला. माय चुलीपुढं होती. मी विचारलं, "तू गेलतीस ट्रॅकवर?"

ती लाकडं सारखी करत राहिली. मग म्हणाली, "सकाळी ढिगाकडं पायलं तं एक भारा कमी. समजलं मले. गेलती. बारावीची पोरगी न तू? बूड ट्रॅककडं करून आलतीस!"

पऱ्हाटीच्या शेंड्याकडच्या काड्या बारीक असतात, अंगाखाली मोडून जातात. बूड म्हणजे मुळाकडची बाजू अंगठ्याएवढी जाड, टोकदार, टणक. घरी ढीग रचताना बूड आपल्याकडं ठेवायचं, म्हणजे चुलीसाठी धरून ओढता येतं. जन्मभर तेच केलेलं. मी ट्रॅकच्या बाजूनं उभी राहून भारा टाकला आणि सवयीनं बूड माझ्याकडं घेतलं. दादा येणार होता त्याच बाजूला ते सगळे सुळके रोखून मी घरी येऊन भाकरी खाल्ल्या होत्या.

"चुलीसाठी बूड समोर, माणसासाठी शेंडा समोर," माय म्हणाली. "सुतळीही ढिल्ली बांधलती. म्या सोडून पुन्हा बांधला." मग एक काडी चुलीत सारून, "त्याले सांगू नको."

सांगायची गरजच नव्हती. ती चिंधी पुढं कित्येक वर्षं त्याच्या हँडलला बांधलेली होती, विरून जाईपर्यंत. माय ती रोज बघायची. दोघं एकमेकांशी त्याबद्दल एक शब्द बोलली नाहीत. आमच्या घरात लाड असे चालतात. मार्चमध्ये मी पेपर दिला आणि पास झाले. मार्क विचारू नका. पुढच्या वर्षी माय स्वतः भारा डोक्यावर घेऊन ट्रॅकवर गेली, आणि दादा खरंच पहिला आला. मग त्यानं आर्वीत गॅरेज टाकलं आणि रविवारी बायकांना गाडी शिकवायला लागला. तालुक्यातल्या किती नर्सा, किती मास्तरणी, अंगणवाडीच्या किती बाया त्याच्याकडं शिकल्या, देव जाणे. पहिला धडा एकच, "पडाचं भेव सोडू नका, पण ब्रेक आधी शिका." मीही त्याच्याकडंच शिकले.

आता सांगा, पल्लवीला मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार होते?

आठव्या दिवशी मी रजा टाकली आणि गावी गेले. अडचण अशी की आता भारा आणणार कुठून? गॅस घरोघरी आला, ढीग गेले. बोंडअळीच्या भीतीनं लोक पऱ्हाटी ठेवत नाहीत, ट्रॅक्टर लावून उभ्या वावरात बारीक करून टाकतात. मी वहिनीच्या, म्हणजे पल्लवीच्या आईच्या, वावरात पोहोचले; ते दादानं मागाहून घेतलेलं. सगळं वावर साफ, काळंभोर. आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला, अगदी सरळ, पऱ्हाटीच्या दोन ओळी उभ्या.

वहिनी बांधावर बसून होती. मी त्या दोन ओळींकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"ट्रॅक्टरवाल्याकडून राहून गेल्या," ती म्हणाली आणि तोंड फिरवून घेतलं.

मी पऱ्हाटी उपटायचा चिमटा हातात घेतला. इतक्या वर्षांनी. पन्नाशीतली बाई, हातात खडू धरायची सवय. दहा झाडांत तळव्याला फोड आले, वीस झाडांत फुटले. वहिनी उठली नाही, मदत केली नाही, पण घरीही गेली नाही. मी भारा बांधला, घट्ट, दोन जागी. डोक्यावर घेतला तेव्हा मान कडकन वाजली. ट्रॅकवर पोरांनी छान टायरं रचली होती, रंग दिलेला. एक जण पुढं आला.

"मॅडम, आता टायर असतात. भाऱ्याची जरूरत नाई."

"तुले नसन," मी म्हणाले. "सरक."

विहिरीच्या वळणावर, टायरांच्या पुढं, मी भारा ठेवला. ट्रॅकच्या बाजूनं नाही, बांधाच्या बाजूनं उभी राहून. शेंडा ट्रॅककडं, बूड माझ्याकडं. मग ट्रॅकवर जाऊन एकदा बघितलं. परत येऊन पुन्हा बघितलं. ती पोरं मला वेडी समजली असणार. समजू देत.

परवा शर्यत झाली. मी भाऱ्यामागं उभी होते. एकोणीस गाड्या चक्कर मारायला निघाल्या, भुर्रकन, आणि सगळ्यांच्या मागून एक गाडी बैलगाडीच्या चालीनं. लोक हसायला लागले, मग जुनी माणसं हसायची थांबली. तिनं मध्ये कुठं थांबायचा प्रश्नच नव्हता, अख्ख्या ट्रॅकवर भारा एकच. पल्लवी विहिरीच्या वळणावर आली, पाय टेकला, हेल्मेटची काच वर केली.

"हा कोणाचा?"

मी तोंड उघडलं. पण उत्तर माझ्या खांद्यामागून आलं. वहिनी कधी येऊन उभी राहिली होती, मला कळलंही नव्हतं.

"तुह्या घरचा हाय," ती म्हणाली. "जाय आता. आधी ब्रेक पाह्यजो."

पल्लवीनं मान झुकवली. वहिनीनं माझा फोड आलेला हात घट्ट धरला, इतका की मी ओरडणारच होते. झेंडा पडला. सगळ्या गाड्या धुरळा उडवत आमच्याकडं यायला लागल्या. वहिनीनं डोळे मिटून घेतले. मी उघडे ठेवले.